जिवंतपणीचा रंग

१

खवले मोजताना माझ्याशी कोणी बोलायचं नाही, हा आमच्या खोलीतला एकमेव नियम होता, आणि तो मोडायचा हक्क फक्त ताईला होता. तो ती मन लावून बजावायची. मी सुईचं टोक दोनशेव्या खवल्यावर नेलं की खिडकीशी बसल्या बसल्या विचारायची, "बारक्या, दूध आणलंस का रे?" झालं, मी पुन्हा मानेपासून.

मी संग्रहालयात सापांचं वर्गीकरण करतो. माझं सगळं आयुष्य वाळ्यात गेलं. वाळा बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि गांडूळ समजून सोडून दिलेला असतो. मातीत राहतो, मुंग्यांची अंडी खातो, कुणाला चावत नाही, चावायचं मनात आलं तरी त्याचं तोंड पुरायचं नाही. अंग इतकं गुळगुळीत की भिंगाखाली धरल्याशिवाय खवले आहेत हे पटत नाही. डोळ्यांच्या जागी, खवल्याच्या आत, टाचणीच्या टोकाएवढे दोन काळे ठिपके असतात. उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळत असावं. म्हणून लोक त्याला आंधळा साप म्हणतात. वास्तविक तो पुरता आंधळा नसतो.

मी मोजायचो आणि ताई त्याच सापाचं चित्र काढायची. सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि ताई नुकती कमावती झाली होती. तिने मला वाढवलं, शिकवलं, आणि पुढे संग्रहालयात माझ्याच खोलीत चित्रकार म्हणून लागली, निवृत्त झाल्यावरही येत राहिली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एक सांभाळलाय, हौस फिटली." माझं लग्न झालं आणि मोडलं, तेव्हाही ती एवढंच म्हणाली की तुझ्या खोलीतल्या अंथरुणाची चादर बदललेली आहे. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच घरी परत जायचो. मला दुसरं कोणी नव्हतं आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

आमच्या कामात एक जुनी पद्धत आहे. नव्या प्रजातीचं वर्णन करायचं तर एकच प्राणी निवडायचा. तो मूळ नमुना. नाव त्या एका देहाला बांधलं जातं. पुढे जगात कुठेही तसा साप सापडला की तो त्या देहाशी ताडून बघायचा. वर्णनाच्या शेवटी दोन रकाने असतात, 'स्पिरिटमधला रंग' आणि 'जिवंतपणीचा रंग'. दुसरा बहुतेक वेळा कोराच राहतो, कारण प्राणी जिवंत असताना त्याच्याकडे नीट कोणी बघितलेलंच नसतं.

२

मी तापाने घरी पडलो होतो तेव्हा संग्रहालयाच्या माळ्याला मागच्या अंगणातल्या एका कुंडीत वाळा सापडला. त्याने तो चहाच्या कपातून ताईकडे आणून दिला. ताईने तो काचेच्या बशीत ठेवला, दिवसभर त्याचं चित्र काढलं, आणि संध्याकाळी तो आपणहून मेला तेव्हा रीतसर स्पिरिटमध्ये घालून बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

मी कामावर आलो आणि पहिल्यांदा तीच बाटली उघडली. साप फिका होता, जवळजवळ मेणासारखा. डोकं जरा निमुळतं. मी ते भिंगाखाली धरलं, दिवा फिरवला, पुन्हा धरलं.

"ताई, ह्याला डोळे नाहीत."

"आहेत. चित्र बघ."

चित्रात होते. दोन ठिपके, तिच्या नेहमीच्या बारीक पेन्सिलीचे, डावा उजव्यापेक्षा किंचित मोठा. असले बारकावे ती मनाने घालत नसे.

"मग गेले कुठे?"

"ते तुला माहीत. मी जिवंत बघितलाय, बारक्या. बशीच्या कडेला येऊन माझ्याकडे तोंड करून पडला होता. माझी सावली पडली की मागे व्हायचा. तुझ्यापेक्षा बरं दिसत होतं त्याला."

मी माळ्याला बोलावून विचारलं. "होते की साहेब," तो म्हणाला. "राईपेक्षा बारीक. पण होते. मी ताईंना म्हटलं पण, आपल्याकडं बघतोय म्हणून."

स्पिरिटमध्ये साप पडून राहिला की त्याचा रंग उडतो, हे खरं. पण डोळ्याचा काळा रंग उडत नाही. आमच्या तळघरात आजोबा-पणजोबांच्या काळातल्या बाटल्या आहेत. आतले साप वाळलेल्या गवतासारखे झालेत आणि त्यांचे ठिपके अजून शाईसारखे काळे आहेत. हा साप तर नुकताच बाटलीत गेला होता. मी स्वतःला समजावलं की स्पिरिट जास्त कडक झालं असेल, बाटली उन्हात राहिली असेल. समजावायला कारणं कधी कमी पडत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर मला ती कारणं नकोच होती. मी खवल्यांच्या ओळी मोजल्या, त्या साध्या वाळ्याइतक्याच भरल्या. शेपूट तसंच, शेपटीचा काटा तसाच. डोळे धरले तर हा कुठल्याही कुंडीत सापडणारा वाळा होता. डोळे सोडले तर अशी प्रजाती आजवर कोणी पाहिली नव्हती. निवृत्ती तोंडावर आली होती आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्या प्रजातींच्या चुका दुरुस्त करत बसलो होतो. माझ्या हातून एकही नवी झाली नव्हती.

"मला जे दिसतं तेच मी लिहितो," मी ताईला म्हटलं. "इतकी वर्षं हेच केलंय."

"आणि मला दिसलं ते?"

"ते बाटलीत नाहीये ना, ताई."

ती उठून पेन्सिलीला टोक करत बसली.

३

वर्णन एक सांगतं आणि चित्र दुसरंच, असा लेख कोणताही संपादक छापत नाही. मी आठवडाभर हा विषय टाळला आणि मग एका दुपारी सरळ सांगून टाकलं की ठिपके खोडावे लागतील.

ताई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चित्र फळीवर लावलं, खोडरबर हातात घेतलं आणि मला जवळ बोलावलं. "बघ हं, नंतर म्हणू नकोस," एवढंच म्हणाली. डावा ठिपका आधी खोडला, मग उजवा. फुंकर मारली. बोटाच्या कडेने त्या जागेवर अलगद छटा दिली. डोकं असं सलग झालं की तिथे कधी काही होतं असं वाटेना.

"घे. केला आंधळा."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी देऊन मोकळा होतो, लहानपणापासूनची खोड आहे. मी त्या प्रजातीला ताईचं नाव दिलं. आमच्यात तसा प्रघात आहे, नावाला लॅटिन शेपूट लावायचं की झालं. लेखावर ते नाव छापून आलं तेव्हा मी अंक तिच्यापुढे उघडून धरला.

"अरे वा," ताई हसली. "जन्मभर चित्रं काढली आणि शेवटी भावाने मला आंधळा साप करून टाकलं."

आम्ही दोघंही हसलो. खाली वर्णन होतं, माझंच, छापलेलं असल्यामुळे दुसऱ्या कोणाचं असावं तसं दिसणारं: 'नेत्र नाहीत. नेत्रांच्या जागी सलग, गुळगुळीत खवला. जिवंतपणीचा रंग: नोंद नाही.'

जिवंतपणीचा रंग ताईला माहीत होता. मी तिला विचारलाच नव्हता.

४

त्यानंतर कधीतरी ताईने एका पालीचं चित्र पुरं करून माझ्याकडे दिलं. बोटं, बोटांखालच्या पट्ट्या, नखं, पाठीवरचे दाणे, सगळं जिथल्या तिथे. पालीचा डोळा केवढा मोठा असतो. चित्रात तो नव्हता.

"ताई, डोळा राहिला."

"काढला की."

"कुठे?"

तिने कागदावर बोट ठेवलं, कोऱ्या जागेवर, आणि तिथून ते हलवेना. "इथे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "नाही का?"

वय झालं, चष्मा बदलायला हवा, असं आम्ही ठरवलं. दोघांनाही ते पटलं. मग ती उत्तरेच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायला लागली, उजेड टोचतो म्हणे. जुना काळा चष्मा तिने कपाटातून शोधून काढला आणि तो घरीदारी लावायला लागली. पडदा ओढून चित्र कसं काढतेस, असं मी विचारलं नाही. टेबलावर कागद असायचा, तिच्या हातात पेन्सिल असायची, आणि रेघ ओढल्याचा आवाज मात्र मला दिवस दिवस यायचा नाही.

एका सकाळी आम्ही फाटकातून आत शिरलो तर माळी धावत आला आणि त्याने ताईचा कोपर धरला. "जपून हं ताई, पायरी आहे." इतकी वर्षं आम्ही त्या पायरीवरून जातोय. ताईनेही गुपचूप कोपर दिला. तिला खुर्चीवर बसवून तो बाहेर आला आणि मला म्हणाला, "कौतुक वाटतं साहेब ताईंचं. दिसत नसताना रोज येतात, तुमच्या सोबतीला बसतात."

"दिसत नसताना?"

तो गोंधळला. "म्हणजे... पहिल्यापासूनच ना? जन्मापासून?"

"अरे, मग ही चित्रं कोण काढतं? भिंतीवरची? तूच तर तिला तो साप आणून दिलास! डोळे होते म्हणालास!"

त्याने माझ्याकडे ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "साप तुम्हाला दिला मी," तो समजुतीने म्हणाला. "त्याला कुठले आलेत डोळे? आणि चित्रं तुम्हीच काढता की."

मी त्याला झापलं. चांगलं झापलं. पण आत आल्यावर भिंतीवरच्या चित्रांखालच्या सह्या बघायचा मला धीर झाला नाही. टेबलाशी बसलो आणि आधीच मोजून झालेले खवले पुन्हा मोजत राहिलो.

५

डोळ्यांच्या डॉक्टर मध्यमवयीन होत्या, बोलायला मोकळ्या. ताईला त्यांनी उंच खुर्चीत बसवलं, दिवा लावला, आणि तिचा काळा चष्मा काढला. त्या वेळी त्या माझ्या आणि ताईच्या मध्ये उभ्या होत्या. मला फक्त त्यांची पाठ दिसली, आणि दिवा धरलेला हात खाली खाली येताना दिसला.

"काय दिसतं आजी तुम्हाला?"

"उजेड आहे, एवढं कळतं," ताई म्हणाली. "तुम्ही मध्ये आलात की अंधार होतो."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा जागेवर नीट बसवला, कानांमागे दांड्या अडकवल्या, आणि मला बाहेर घेतलं. "जन्मतःच आहे ना हे?"

"नाही हो! उन्हाळ्यापर्यंत बहीण चित्रं काढत होती. बारीक कामं. सापाचे खवले."

त्यांनी दार ओढून घेतलं. "कोणी अचानक आंधळं होऊ शकतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण इथे आंधळं व्हायला काही असायला तर हवं. त्या जागी कधी काही तयारच झालेलं नाहीये. तुम्ही घरात रोज बघत असाल ना त्यांच्याकडे?"

मी हो म्हणालो. रिक्षात ताईशेजारी बसल्यावर मला कळलं की मी पडदा ओढल्यापासून तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. ती रस्ताभर माझं मनगट धरून होती. तिचा हात गार होता आणि फार गुळगुळीत.

घरी आल्यावर मी जुने फोटो कपाटातून बाहेर काढून बसलो. आमच्या घरात फोटो कमी नाहीत. माझ्या शाळेतल्या बक्षीस समारंभात ताई खाली वाकून माझी कॉलर सरळ करत होती. माझ्या लग्नात ती हसत होती, डोळे मिटून. सहलीच्या फोटोत तोंडावर हाताची सावली. पुढेही तेच, कुठे मान फिरलेली, कुठे केस आडवे आलेले. एवढ्या फोटोंत एकदाही तिने कॅमेऱ्याकडे बघू नये? पण असं होतंच लोकांचं. फोटो काढताना काही माणसं कायम दुसरीकडे बघतात. मी स्वतःला असं समजावलं आणि तिथेच फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

६

छापलेलं दुरुस्त करता येतं. आमच्यात रोज कोणी ना कोणी कोणाची तरी दुरुस्ती छापतच असतो. मी संपादकांना फोन केला आणि म्हटलं, चूक झाली, त्या प्रजातीला डोळे आहेत.

"आहेत? मग नमुना पाठवा," ते म्हणाले. "डोळे असलेला."

"मूळ नमुन्यात उडाले ते. पण चित्रकाराने बघितले होते."

"चित्रकार म्हणजे तुम्हीच ना? तुमच्याच नावाने आलंय चित्र. स्वतःच लिहिलंत, 'नाहीत' म्हणून, आता स्वतःच सांगता, 'आहेत'. सर, काहीतरी दाखवा, मी उद्या छापतो."

मी संग्रहालयाच्या मागच्या अंगणातली प्रत्येक कुंडी उपडी केली. झाडं मुळांसकट फेकली. माळी कमरेवर हात ठेवून बघत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मला थांबवायला तो पुढे आला नाही. ओल्या मातीत ते होते, फिके, मेणासारखे, एकेका कुंडीत वेटोळं घालून. मी ते तळहातावर घेऊन उन्हात धरले. सावली केली, मागे घेतली. एकही मागे सरला नाही. मी भिंग लावून एकेकाचं डोकं बघितलं. सलग, गुळगुळीत खवला. वर्णन अगदी बिनचूक होतं.

मग खोलीत येऊन मूळ चित्र बाहेर काढलं. पेन्सिलीने कागद दबतो, खोडलं तरी खळगा राहतो, हे मला ताईनेच शिकवलेलं. मी कागद खिडकीशी नेऊन तिरका धरला. मानेवरच्या खवल्यांचे दाब दिसत होते, जबड्याची रेघ दिसत होती. त्या दोन जागा सपाट होत्या. कागदाचं तूससुद्धा उठलेलं नव्हतं. कोपऱ्यात सही होती आणि अक्षर माझं होतं.

मी कधी चित्र काढलेलं नाही. साधं वर्तुळ मला गोल येत नाही. हे मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणालो आणि मला ते खोटं बोलल्यासारखं वाटलं.

७

आता मी कामावर जात नाही. ताईला एकटीला ठेवून कसा जाणार?

ती मुकाट असते. खायला फारसं मागत नाही. घराच्या मागच्या बाजूला, जिथे ऊन येत नाही तिथे, आमच्या चार कुंड्या आहेत. ती त्यांच्यापाशी फरशीवर कुशीवर पडून राहते, गाल मातीला लावून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ती पडली. धावत जाऊन उठवायला लागलो तर म्हणाली, "थांब ना. मुंग्या चालतात ते ऐकू येतंय." मी थांबलो. मला काही ऐकू आलं नाही. तिच्या ओठांना माती लागली होती, ती मी रुमालाने पुसली.

काल दुपारी तिने मला स्वतःहून हाक मारली. कुंड्यांपाशी उठून बसली होती, पाठ भिंतीला टेकून. काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली.

"भिंग आहे का रे तुझं?"

"आहे."

"मग बघ नीट. मोजतोस ना सगळं? सांग मला, ठिपके आहेत का अजून. मला काल उजेड कळला नाही. आज पण नाही."

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. खिशातून भिंग काढलं. दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली, ती गार होती आणि बोटांखालून निसटत होती. कपाळापासून गालापर्यंत त्वचा कुठेही न मोडता उतरत होती. भुवईच्या खाली एक अतिशय बारीक कड होती, अर्धगोल. ती कशाची हे मला जगात कोणापेक्षाही चांगलं माहीत होतं. मी त्या कडेच्या आत बघितलं. सूर्य ढगाबाहेर यायची वाट बघून पुन्हा बघितलं.

"काय?" ताई म्हणाली. "बोल ना, शहाण्या."

जे दिसत नाही ते मी जन्मात कधी लिहिलं नव्हतं. "आहेत," मी म्हणालो. "दोन्ही आहेत, ताई. डावा जरा मोठा."

तिचे खांदे सैल पडले. किती वेळ ती तशीच बसून राहिली, तोंड वर करून, ऊन होतं त्या बाजूला नाही, माझ्याकडे.

"बरं झालं. आणि रंग?"

"रंग?"

"जिवंतपणीचा. मला आठवेना, म्हणून तुला विचारते. कसे होते रे माझे डोळे?"

चाळीस वर्षं रोज सकाळी तिच्यासमोर बसून मी चहा प्यायलो होतो. मी आठवायचा फार प्रयत्न केला. मला तिची बोटं आठवली, पेन्सिलीच्या शिश्याने काळी झालेली नखं आठवली, चष्म्याची तुटकी दांडी आणि तिला बांधलेला दोरा आठवला. मग आठवायचा तेवढा भाग आला की सगळं सलग होत होतं.

"तपकिरी," मी म्हणालो.

ताईने मांडीवरचा चष्मा चाचपडून उचलला. घडी उघडली, पुन्हा मिटली.

"तपकिरी आईचे होते," ती म्हणाली. "माझे वेगळे होते. एवढंच आठवतंय मला."

मग ती पुन्हा कुशीवर झाली आणि तिने गाल मातीला लावला.